एका यंत्रात अनेक यंत्रे

आजचा संगणक हिशेब करतो, पत्र लिहितो आणि चित्रही काढतो. एकाच संगणकावर दोन-तीन वेगवेगळ्या कार्यप्रणालीही चालवता येतात. हे कशामुळे शक्य झाले? या प्रश्नाचे मूळ उत्तर ज्या गणितज्ञाने शोधून काढले, त्या ॲलन ट्यूरिंग यांच्या जीवनाची आणि कार्याची ओळख या पाठात करून दिली आहे.

मुलांनो, तुमच्या आजूबाजूला तुम्ही अनेक यंत्रे पाहता. पिठाची गिरणी दळण दळते. शिवणयंत्र कपडे शिवते. विहिरीवरची मोटर पाणी उपसते. यांपैकी प्रत्येक यंत्राचे काम ठरलेले असते. गिरणीला कोणी कपडे शिवायला सांगत नाही आणि शिवणयंत्रात कोणी ज्वारी टाकत नाही. धावड्यासारखे गाव असो की मुंबईसारखे शहर, यंत्रांचा हा नियम सगळीकडे सारखाच.

संगणकाला मात्र हा नियम लागू नाही. त्याच यंत्रावर तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहू शकता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. त्याच यंत्रावर दुकानाचा जमाखर्च ठेवता येतो आणि त्याच यंत्रावर बुद्धिबळही खेळता येते. यंत्र बदलावे लागत नाही. बदलतात त्या फक्त त्याला दिलेल्या सूचना. ही गोष्ट आज आपल्याला अगदी साधी वाटते. पण एके काळी ती कोणाच्या स्वप्नातही नव्हती. तिचा विचार करणाऱ्या माणसाचे नाव होते ॲलन मॅथिसन ट्यूरिंग.

ॲलनचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन शहरात झाला. त्याच्या घराण्याचा आपल्या देशाशी जवळचा संबंध होता. त्याचे वडील ज्युलियस ट्यूरिंग हे मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. त्याची आई एथेल सारा हिचा जन्म दक्षिण भारतातील पोदनूर येथे झाला होता. तिचे वडील मद्रासच्या रेल्वेत मुख्य अभियंता होते. भारताचे हवामान मुलांना मानवणार नाही, असे आईवडिलांना वाटले. म्हणून ॲलन आणि त्याचा थोरला भाऊ जॉन यांना त्यांनी इंग्लंडमध्येच एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात ठेवले. आईवडील हजारो मैल दूर आणि मुले परक्या घरी, असे ॲलनचे बालपण गेले. आई अधूनमधून येई आणि पुन्हा जाई. कदाचित त्यामुळेच हा मुलगा लहानपणापासून एकटा राहायला आणि स्वतःच्या डोक्याने विचार करायला शिकला असावा.

१९२६ साली ॲलनला शेरबर्न येथील शाळेत घालण्यात आले. तो शाळेला निघाला आणि नेमका त्याच वेळी इंग्लंडमध्ये मोठा संप सुरू झाला. रेल्वेगाड्या बंद पडल्या. साउदॅम्प्टन बंदरापासून शाळा सुमारे ९७ किलोमीटर दूर होती. ॲलनला अजून चौदावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. पण तो घाबरला नाही. त्याने आपली सायकल काढली, वाटेत एका खानावळीत रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेत हजर झाला. शाळा बुडवायला इतके चांगले निमित्त मिळूनही त्याने ते वापरले नाही, हे लक्षात घ्या.

शाळेत मात्र त्याचे फारसे कौतुक झाले नाही. त्या शाळेत लॅटिन, ग्रीक यांसारख्या प्राचीन भाषांना फार महत्त्व होते. ॲलनचे मन रमे ते गणितात आणि विज्ञानात. त्याचे अक्षर वाईट होते आणि वह्या अस्वच्छ असत. शिक्षक त्याच्यावर नाराज असत. याच शाळेत त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम नावाचा एक हुशार मित्र मिळाला. दोघे मिळून ताऱ्यांचा आणि गणिताचा अभ्यास करीत. परंतु फेब्रुवारी १९३० मध्ये क्षयरोगाने ख्रिस्तोफरचे निधन झाले. ॲलनला हा धक्का फार मोठा होता. मित्राने जे करायचे ठरवले होते ते आता आपण पूर्ण करायचे, असा निश्चय त्याने केला आणि तो अधिक जोमाने अभ्यासाला लागला.

१९३१ साली तो केंब्रिज विद्यापीठाच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाला. आपल्या देशातील अणुसंशोधनाचा पाया घालणारे डॉ. होमी भाभा हेही त्या काळात केंब्रिजमध्येच शिकत होते. १९३४ साली ॲलन पहिल्या वर्गात पदवी परीक्षा उत्तीर्ण झाला. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, किंग्ज कॉलेजने त्याला अधिछात्र म्हणून निवडले. शाळेतला गबाळा विद्यार्थी आता गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग झाला होता.

त्या वेळी गणितज्ञांसमोर एक अवघड प्रश्न होता. हिल्बर्ट नावाच्या थोर जर्मन गणितज्ञाने तो मांडला होता. गणितातले कोणतेही विधान समोर ठेवले, तर ते सिद्ध करता येईल की नाही, हे ठरवण्याची एखादी ठराविक रीत आहे काय? असा तो प्रश्न होता.

इथे 'रीत' हा शब्द महत्त्वाचा आहे. ठरलेल्या पायऱ्यांनी उत्तरापर्यंत नेणाऱ्या रीतीला 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द कोठून आला, हे ऐकून तुम्हाला आनंद होईल. नवव्या शतकात बगदाद शहरात मुहम्मद बिन मूसा अल्-ख्वारिज्मी हे मोठे गणितज्ञ होऊन गेले. युरोपात त्यांच्या नावाचा उच्चार बदलत गेला आणि त्यापासून 'अल्गोरिदम' हा शब्द तयार झाला. त्यांच्याच ग्रंथाच्या नावातील 'अल्-जब्र' या शब्दावरून बीजगणिताला 'अल्जेब्रा' हे नाव मिळाले. अल्-ख्वारिज्मींनी गणिते सोडवण्याच्या रीती सांगितल्या. ट्यूरिंग यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला, की रीत म्हणजे तरी नेमके काय?

याचे उत्तर शोधताना ट्यूरिंग यांनी एका साध्या माणसाकडे पाहिले. हा माणूस कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड करीत बसला आहे. तो काय करतो? तो कागदावरची एक खूण वाचतो. मनातल्या नियमाप्रमाणे ती पुसतो किंवा दुसरी खूण लिहितो. मग तो पुढच्या किंवा मागच्या खुणेकडे वळतो. त्याचे सगळे काम एवढ्यातच येते! मग हे काम यंत्राला का करता येऊ नये? ट्यूरिंग यांनी मनातल्या मनात एक यंत्र उभे केले. त्यात चौकोन आखलेली एक लांबच लांब कागदी पट्टी होती. यंत्र एका वेळी एकच चौकोन वाची, त्यात लिही आणि एक घर उजवीकडे किंवा डावीकडे सरके. केव्हा काय करायचे, याचा एक तक्ता यंत्राला ठरवून दिलेला असे. बेरजेचा तक्ता दिला, की ते बेरजेचे यंत्र होई. गुणाकाराचा तक्ता दिला, की ते गुणाकाराचे यंत्र होई.

येथपर्यंत प्रत्येक कामाला वेगळे यंत्र लागत होते, अगदी गिरणी आणि शिवणयंत्र यांच्यासारखे. पण ट्यूरिंग यांच्या लक्षात एक मोठी गोष्ट आली. नियमांचा तक्ता म्हणजे तरी काय? त्याही खुणाच! मग त्या खुणा त्याच कागदी पट्टीवर लिहून ठेवल्या तर? तर असे एक यंत्र बनवता येईल, जे पट्टीवरचा कोणत्याही यंत्राचा तक्ता वाचील आणि हुबेहूब त्या यंत्रासारखे वागेल. मग हजार कामांना हजार यंत्रे लागणार नाहीत. एकच यंत्र सर्वांची सोंगे घेईल. याला ट्यूरिंग यांचे 'वैश्विक यंत्र' म्हणतात.

हा शोधनिबंध त्यांनी १९३६ साली सादर केला. तेव्हा त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे होते. हिल्बर्टच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, हे त्यांनी याच निबंधात सिद्ध केले. काही प्रश्न असे आहेत, की जे कोणत्याही यंत्राला रीतीने सोडवता येणार नाहीत. गंमत पाहा! यंत्राची मर्यादा दाखवण्यासाठी त्यांनी जे यंत्र कल्पिले, त्यातूनच यंत्राची खरी ताकद जगाला कळली. पुढे दोन वर्षे त्यांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे अभ्यास केला आणि १९३८ साली डॉक्टरेट मिळवली.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. ट्यूरिंग लगेच ब्लेचली पार्क येथील गुप्त केंद्रात रुजू झाले. जर्मन सैन्य 'एनिग्मा' नावाच्या यंत्राने आपले संदेश सांकेतिक लिपीत पाठवीत असे. या यंत्राची जुळणी अब्जावधी प्रकारांनी करता येई आणि ती रोज बदलली जाई. मारियन रेयेव्स्की आणि त्यांचे सहकारी या पोलंडच्या गणितज्ञांनी १९३२ सालीच एनिग्माचे रहस्य उलगडले होते. युद्धापूर्वी त्यांनी आपले ज्ञान इंग्रजांना दिले. परंतु जर्मनांनी यंत्रात सुधारणा केल्यामुळे जुन्या युक्त्या अपुऱ्या पडू लागल्या. ट्यूरिंग यांनी उत्तर शोधणारे एक नवे यंत्र आखले. त्याला 'बाँब' म्हणत, मात्र स्फोटकांशी त्याचा काही संबंध नव्हता. १९४० साली असे पहिले यंत्र सुरू झाले. गॉर्डन वेल्चमन या सहकाऱ्याने त्यात मोलाची सुधारणा केली. युद्ध संपेपर्यंत अशी दोनशेहून अधिक यंत्रे तयार झाली.

सर्वांत कठीण काम होते जर्मन नौदलाचे संदेश उलगडण्याचे. जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरात अन्नधान्य घेऊन येणारी जहाजे बुडवीत होत्या. पाणबुड्या कोठे दबा धरून बसल्या आहेत हे कळले, तर जहाजांचा मार्ग बदलता येई आणि खलाशांचे प्राण वाचत. हे काम ट्यूरिंग यांनी स्वतःकडे घेतले आणि सहकाऱ्यांच्या मदतीने तडीस नेले. माणसे आणि साधने कमी पडू लागली, तेव्हा १९४१ साली त्यांनी आणि तीन सहकाऱ्यांनी थेट पंतप्रधान चर्चिल यांना पत्र लिहिले. चर्चिल यांनी या कामाला ताबडतोब सर्व मदत देण्याचा हुकूम दिला.

ट्यूरिंग यांचे वागणे लोकांना विचित्र वाटे. फुलांच्या परागांचा त्यांना त्रास होई, म्हणून ते तोंडावर विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा घालून सायकल चालवीत! धावण्याचीही त्यांना फार आवड होती. १९४७ साली त्यांनी मॅरेथॉन शर्यत २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली होती.

युद्ध संपल्यावर त्यांनी मनातले यंत्र प्रत्यक्षात आणायचे ठरवले. लंडनजवळच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत त्यांनी एका संगणकाचा संपूर्ण आराखडा तयार केला. आकडे आणि सूचना एकाच स्मृतीत साठवायच्या, हा त्यातला गाभा होता. काम फार सावकाश चालले होते, म्हणून १९४८ साली ते मँचेस्टर विद्यापीठात गेले. त्याच वर्षी २१ जून रोजी तेथील विल्यम्स आणि किलबर्न या अभियंत्यांनी स्मृतीत सूचना साठवणारा छोटा संगणक चालवून दाखवला होता. ट्यूरिंग यांनी मँचेस्टरच्या पुढील संगणकासाठी कार्यपुस्तिका लिहिली. यंत्र विचार करू शकेल काय, हा प्रश्न त्यांनी १९५० साली एका लेखात मांडला. आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, त्या विषयाची सुरुवात सांगताना या लेखाचा उल्लेख होतोच. १९५१ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व देऊन गौरवले.

परंतु ज्या देशासाठी त्यांनी एवढे केले, त्या देशाने त्यांना न्याय दिला नाही. १९५२ साली समलिंगी संबंधांबद्दल त्यांच्यावर खटला भरण्यात आला. त्या वेळी इंग्लंडच्या कायद्यात तो गुन्हा होता. तुरुंगवास टाळण्यासाठी त्यांना शरीरावर वाईट परिणाम करणारी औषधे घ्यावी लागली. सरकारी गुप्त कामाचे दरवाजेही त्यांना बंद झाले. युद्धकाळातील कामगिरी गुप्त होती. त्यामुळे आपण देशासाठी काय केले, हे ते न्यायालयात सांगूही शकत नव्हते. ७ जून १९५४ रोजी विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय तेव्हा केवळ ४१ वर्षांचे होते. ब्लेचली पार्कची हकिकत लोकांना कळू लागली ती १९७० नंतर. २००९ साली ब्रिटनच्या पंतप्रधानांनी या अन्यायाबद्दल जाहीर माफी मागितली. २०१३ साली राणीने त्यांची शिक्षा माफ केली. पण हे सारे पाहायला ट्यूरिंग नव्हते.

आता आपण पाठाच्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. संगणक सुरू केला, की त्याची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, जागी होते. स्मृती कोणाला किती द्यायची, डिस्कवर काय कोठे ठेवायचे, कळफलकावरचे अक्षर कोणाकडे पाठवायचे, ही सारी व्यवस्था ती पाहते. विंडोज आणि लिनक्स ही तिची दोन प्रसिद्ध नावे. ट्यूरिंग यांच्या हयातीत अशा कार्यप्रणाली आलेल्या नव्हत्या. पण कार्यप्रणाली हीसुद्धा शेवटी सूचनांची एक यादीच आहे. म्हणून एका संगणकावर एकीऐवजी दुसरी यादी चालवता येते.

हे दोन प्रकारे करतात. पहिला प्रकार दोन पाळ्यांच्या शाळेसारखा आहे. इमारत एकच, बाके तीच. सकाळी उर्दू शाळा भरते आणि दुपारी मराठी शाळा. दोघांची कपाटे मात्र वेगळी. तसेच डिस्कचे दोन भाग करून एकात विंडोज आणि दुसऱ्यात लिनक्स ठेवतात. संगणक सुरू होताना तो आपल्याला विचारतो, की आज कोणती पाळी? एका वेळी एकच कार्यप्रणाली चालते. दुसरी हवी असेल, तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. डिस्कचे असे भाग पाडताना चूक झाली, तर साठवलेली सारी माहिती पुसली जाऊ शकते. म्हणून तिची प्रत आधीच दुसरीकडे काढून ठेवतात.

दुसरा प्रकार अधिक चमत्कारिक आहे. यात एक कार्यप्रणाली यजमान होते आणि दुसरी पाहुणी. उर्दूत आपण मेजबान आणि मेहमान म्हणतो ना, तसेच. यजमानाकडचा एक प्रोग्रॅम चक्क संपूर्ण संगणकाचे सोंग घेतो. पाहुण्या कार्यप्रणालीला वाटते, की हा सारा संगणक आपलाच आहे. प्रत्यक्षात पाहुणीची अख्खी डिस्क म्हणजे यजमानाच्या घरातली केवळ एक फाईल असते! यामुळे दोन्ही कार्यप्रणाली एकाच वेळी, एकाच पडद्यावर चालतात. अर्थात, घरात पाहुणे वाढले की जेवणाचे वाटे पडतात. तशी स्मृतीही वाटली जाते आणि संगणक थोडा मंदावतो. आयबीएम या कंपनीने १९६० च्या दशकात अशी सोय आपल्या मोठ्या संगणकांवर केली, कारण तेव्हा एकेक संगणक फार महाग असे. १९९९ नंतर ती टेबलावरच्या साध्या संगणकांवरही मिळू लागली.

एका यंत्राचे वर्णन दुसऱ्या यंत्राच्या पट्टीवर लिहायचे आणि दुसऱ्याने पहिल्यासारखे वागायचे, हीच ट्यूरिंग यांची १९३६ सालची कल्पना होती. ज्या काळात जगात एकही आधुनिक संगणक नव्हता, त्या काळात त्यांनी ती केवळ कागद, पेन्सिल आणि बुद्धी यांच्या जोरावर मांडली.

ही कल्पना आपल्या महाराष्ट्रातही पोचली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः संगणक बांधला. तो १९६० साली पूर्ण झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. तोही सूचना बदलल्या की काम बदलणारे यंत्र होता. १९६६ पासून संगणकशास्त्रातील सर्वोच्च सन्मान 'ट्यूरिंग पुरस्कार' या नावाने दिला जातो. भारतात जन्मलेले डॉ. राज रेड्डी यांना १९९४ साली तो मिळाला. २०२१ साली ब्रिटनच्या ५० पौंडांच्या नोटेवर ट्यूरिंग यांचे चित्र छापण्यात आले.

मुलांनो, तुम्ही घरी आणि शाळेत उर्दू बोलता, या तासाला मराठी वाचता, पुढच्या तासाला इंग्रजी शिकता. एक भाषा आली म्हणून दुसरीला जागा उरत नाही, असे होत नाही. मग एका माणसाच्या अंगी वेगळेपण दिसले, म्हणून त्याला दूर का लोटावे? ट्यूरिंग यांचे अक्षर वाईट होते, वागणे विचित्र होते. लोकांनी तेवढेच पाहिले. त्यांच्या बुद्धीतून आलेले यंत्र मात्र आज जगभर घरोघरी आहे. पुढच्या वेळी संगणकापुढे बसाल, तेव्हा या माणसाची आठवण ठेवा.

शब्दार्थ
कार्यप्रणाली – संगणकाची सर्व कामे सांभाळणारी व्यवस्था
अधिछात्र – संशोधनासाठी नेमलेला विद्वान
सांकेतिक लिपी – गुप्त खुणांचे लेखन
सोंग घेणे – दुसऱ्यासारखे रूप घेणे
तडीस नेणे – काम पूर्ण करणे
यजमान – पाहुण्यांचे स्वागत करणारा, मेजबान

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ॲलन ट्यूरिंग यांचा जन्म केव्हा व कोठे झाला?
(आ) 'अल्गोरिदम' हा शब्द कोणाच्या नावावरून तयार झाला?
(इ) 'टिफ्रॅक' हा संगणक कोणत्या संस्थेत बांधला गेला?
प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) गिरणी आणि संगणक यांत कोणता फरक आहे?
(आ) ट्यूरिंग न्यायालयात आपली कामगिरी का सांगू शकले नाहीत?
(इ) एका संगणकावर दोन कार्यप्रणाली चालवण्याचे दोन प्रकार कोणते? उदाहरण देऊन सांगा.
प्र. ३. वाक्यात उपयोग करा : तडीस नेणे, दबा धरून बसणे, सोंग घेणे.
प्र. ४. पाठात आलेले व उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधून लिहा.